जंगलाची किंमत काढायची नोकरी असते का?

नमस्कार ताई, पत्र वाचलं. मुलगा रत्नागिरीला एसवायबीए इकॉनॉमिक्स करतोय, त्याला निसर्गाचं मूल्य मोजायचं काम करायचंय आणि तुमचं म्हणणं हे कसलं फॅड, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे म्हणावं. फॅड नाहीये ओ. जंगलाची जमीन खाणीला नाहीतर रस्त्याला दिली की हेक्टरी एनपीव्ही, म्हणजे त्या जंगलाच्या पुढच्या फायद्यांची आजची किंमत, भरून घेतात, तो दर कुणीतरी हिशोब मांडूनच ठरवलेला असतो ना? भोपाळच्या आयआयएफएम या वनव्यवस्थापनाच्या संस्थेने व्याघ्र प्रकल्पांचं मूल्यांकन केलंय, त्यात आपलं मेळघाटही आहे.

काम कसं असतं ते बघायला त्याला सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट या अर्थतज्ज्ञांचा 2009 चा पेपर वाचू दे. 1999 च्या चक्रीवादळात ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यात कुठल्या गावात किती माणसं गेली आणि गाव नि समुद्र यांच्यामध्ये कांदळवन किती रुंद होतं हे त्यांनी ताडून बघितलं, तर जिथे पट्टा रुंद तिथे मृत्यू कमी. पण अशी गावं मुळात समुद्रापासून लांबच असतील तर? मग ते अंतर, गावाची उंची सगळं वेगळं काढावं लागतं, इथे स्टॅटिस्टिक्स लागतं आणि इथेच निम्मी पोरं गळतात. वर त्यांनी हेही सरळ लिहिलं की सरकारच्या आगाऊ इशाऱ्याने कांदळवनापेक्षा जास्त जीव वाचवले, तरीही उरलेलं कांदळवन राखणं पैशाच्या हिशोबातही परवडतं. आकडा फुगवला नाही, म्हणून मला हा पेपर फार आवडतो.

तेव्हा 'एन्व्हायर्न्मेंट'चे डिप्लोमे राहू देत. आधी बीए नीट, सोबत आर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) आणि क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) शिकायचं, दोन्ही फुकट आहेत, मग एमए. चेन्नईचं मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स किंवा दिल्लीचं टेरी विद्यापीठ, तिथे पर्यावरणाचं अर्थशास्त्र शिकवतात, जवळ हवं तर पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट आहेच. सुरुवातीला प्रोजेक्टवरच्या कंत्राटी नोकऱ्या मिळतात, पगार बँकेएवढा असेलच असं नाही, हे त्यालाही माहीत असू दे. पण एमए वाया जात नाही, त्यावर इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची, म्हणजे केंद्र सरकारच्या अर्थतज्ज्ञांच्या सेवेची, परीक्षा देता येते.

बारावीला त्याला गणित होतं का हे पत्रात नाहीये, तेवढं कळवा, बऱ्याच ठिकाणी ॲडमिशनला तिथेच अडतं.