वाचक शोधतो कसा, हे आधी पाहू

ग्रंथालयांतील संशोधन आणि तेथील माहिती प्रणालींची आखणी यांविषयी आलेल्या पत्रांतून या वेळी चार प्रश्न निवडले आहेत. पत्रे पाठवणाऱ्यांची कामे वेगवेगळी आहेत, पण चारही पत्रे लागोपाठ वाचताना अडचणीचे मूळ एकच असल्याचे जाणवले. प्रणाली वाचकासाठी करायची हे सर्वांनी ठरवलेले असते; तो वाचक प्रत्यक्षात कसा शोधतो, हे मात्र क्वचितच कोणी पाहिलेले असते.

प्रश्न : मी ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. ऑनलाइन तालिकेविषयी, म्हणजे संगणकावर शोधता येणाऱ्या ग्रंथसूचीविषयी, वाचकांचे समाधान मोजण्यासाठी मी चाळीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली आहे. ग्रंथालयाचे सभासद सुमारे दहा हजार आहेत. ही प्रश्नावली किती जणांकडून भरून घ्यावी? आणि मिळालेल्या उत्तरांवरून तालिकेत सुधारणा सुचवता येतील का?

उत्तर : संख्येचा प्रश्न लवकर सुटण्यासारखा आहे. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेला तक्ता आपल्या मार्गदर्शकांनी बहुधा दाखवला असेलच. त्यानुसार १,००० जणांच्या समूहासाठी २७८ आणि १०,००० जणांसाठी ३७० जणांचा नमुना पुरतो. म्हणजे समूह दहापट झाला तरी नमुन्यात शंभरचीही भर पडत नाही. मात्र हे आकडे यादृच्छिक निवडीसाठी आहेत, ही अट अनेक प्रबंधांत विसरली जाते. सभासदांच्या पूर्ण यादीतून चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवड झाली, तरच ३७० या संख्येला अर्थ आहे. संदर्भकक्षाच्या दाराशी उभे राहून जो येईल त्याच्या हाती प्रश्नावली दिली, तर ३,७०० जणांनी ती भरली तरी ज्यांनी तालिकेला कंटाळून ग्रंथालयात येणेच सोडले, त्यांचा आवाज तीत उमटणार नाही.

आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याचे माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. 'बहुतांश वाचक समाधानी आहेत' असा निष्कर्ष निघाला, तर पडद्यावरचा कोणता रकाना कोठे हलवायचा, हे त्यातून कळत नाही. 'बहुतांश असमाधानी आहेत' असा निघाला, तरी कळत नाही. शिवाय समाधान ही फसवी गोष्ट आहे. ज्याच्या शोधाला एकही पुस्तक मिळाले नाही, तो वाचक बहुधा 'ग्रंथालयात हे पुस्तक नाही' असे समजून निघून जातो. पुस्तक तीन कपाटे पलीकडे असते, पण आपली फसगत झाली हे त्याला कधीच कळत नसल्यामुळे तो प्रश्नावलीत 'समाधानी' या चौकटीवर खूण करतो. माहितीशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. मनातली अस्पष्ट गरज टप्प्याटप्प्याने शब्दांत येते आणि अखेरीस प्रणालीला जे समजेल असे वाटते, तेवढेच माणूस विचारतो, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याला अभ्यास करायचा आहे तो या अखेरच्या तडजोडीचा.

म्हणून कामाचा क्रम बदलावा असे सुचवतो. सुरुवात तालिकेच्या शोधनोंदींपासून करावी. वाचकांनी शोधचौकटीत काय टंकले आणि त्याला किती निकाल मिळाले, याची नोंद बहुतेक प्रणाली ठेवू शकतात किंवा ती सोय सुरू करता येते. त्यातून एकही निकाल न मिळालेले पाचशे शोध यादृच्छिकपणे निवडावेत आणि प्रत्येक शोध कपाटाशी आणि तालिकेशी स्वतः ताडून पाहावा. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. एका ग्रंथालयात असे काम मी केले, तेव्हा पहिल्या दोन दिवसांतच दिसले की वाचक लेखकाचे आडनाव आणि पुस्तकाच्या नावातला एखादा शब्द एकाच चौकटीत लिहितात, आणि ती प्रणाली मात्र ते सर्व शब्द केवळ शीर्षकात शोधत होती. हा दोष कोणत्याही प्रश्नावलीत आला नसता, कारण वाचकाला तो दोष म्हणून दिसतच नाही.

फसलेल्या शोधांची कारणे वेगळी काढली की त्यांचे उपायही वेगळे होतात. पुस्तक ग्रंथालयात खरोखरच नसेल, तर ती नोंद ग्रंथखरेदीकडे जावी. पुस्तक आहे, पण वाचकाचा शब्द आणि तालिकेतले विषयशीर्षक जुळत नाही, असे असेल तर ते तालिकीकरणाचे काम. शब्द बरोबर होता, नोंदही बरोबर होती आणि तरीही निकाल आला नाही, एवढाच भाग प्रणालीच्या आखणीचा आहे. ही विभागणी करून त्या प्रत्येक भागाचे प्रमाण मांडले, तर आपला प्रबंध ग्रंथालयाच्या खरोखर उपयोगी पडेल.

शोधनोंदी काय घडले ते सांगतात. का घडले ते सांगत नाहीत. त्यासाठी दहा-बारा वाचकांशेजारी बसावे, त्यांना त्यांच्याच गरजेचे पुस्तक शोधायला सांगावे आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायची विनंती करावी. मुलाखतीत 'तुम्ही साधारणपणे कसे शोधता' असे विचारू नये. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली मांडलेल्या निर्णायक प्रसंगाच्या पद्धतीप्रमाणे 'मागच्या वेळी शोधलेले पुस्तक कोणते, आणि तेव्हा नेमके काय काय घडले' असे विचारावे. 'साधारणपणे' म्हटले की माणूस आदर्श सांगतो, प्रसंग विचारला की आठवण सांगतो. एवढे झाल्यावर आपल्या चाळीस प्रश्नांपैकी दहा-बारा उरतील आणि ते विचारण्याजोगे असतील. ऑनलाइन तालिका वापरायला अवघड का आहेत, हे माहितीशास्त्राच्या अभ्यासक क्रिस्टीन बोर्गमन यांनी १९८६ साली लिहिले आणि दहा वर्षांनी त्या अजूनही अवघड का आहेत, हे त्यांना पुन्हा लिहावे लागले. शोध ही टप्प्याटप्प्याने पुढे जाणारी क्रिया आहे हे लक्षात न घेता या प्रणाली बांधल्या गेल्या, हे त्यांचे निदान आजही विचारात घेण्यासारखे आहे.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयातील बावीस हजार पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये आहे. प्रत्येक ओळीत दाखल क्रमांक (ग्रंथालयाने प्रत्येक प्रतीला दिलेला क्रमांक), शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि आयएसबीएन (पुस्तकाच्या आवृत्तीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आहे. आता प्रणाली घ्यायची आहे. एक ओळखीचे प्रोग्रामर आमच्या गरजेप्रमाणे नवी प्रणाली बांधून द्यायला तयार आहेत. ती घ्यावी की तयार सॉफ्टवेअर?

उत्तर : आपले प्रोग्रामर कितीही कुशल असोत, नोंदीची रचना मात्र नव्याने शोधू नये. सॉफ्टवेअर बदलते, नोंदी राहतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अ‍ॅव्हरम यांच्या नेतृत्वाखाली १९६०च्या दशकात तयार झालेली मार्क ही नोंदरचना तेव्हाची यंत्रे मोडीत निघून कित्येक वर्षे लोटली तरी वापरात आहे. तिच्यात शीर्षकाला २४५, मुख्य लेखकाला १०० आणि विषयाला ६५० असे ठरलेले क्रमांक आहेत. तिच्यात त्रुटी आहेत, पण मार्कमधील नोंदी एका प्रणालीतून दुसरीत नेता येतात आणि इतर ग्रंथालयांकडून घेताही येतात. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० सालच्या जानेवारीत वापरात आलेली कोहा ही मुक्त स्रोत प्रणाली हीच रचना वापरते. प्रोग्रामर मित्रांची मदत अशा प्रणालीची उभारणी, बॅकअप आणि नोंदींची साफसफाई यांसाठी घ्यावी. तिथे त्यांचे कौशल्य खरोखर लागेल.

खरी अडचण सॉफ्टवेअरच्या निवडीत नसून आपल्या एक्सेलच्या ओळीत आहे. आपली एक ओळ म्हणजे एक प्रत. एकाच पुस्तकाच्या चार प्रती असतील, तर शीर्षक आणि लेखक चार वेळा टंकले गेले असणार आणि बहुधा चार प्रकारे. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ साली मांडलेल्या प्रारूपाने हा गुंता नीट उकलून दाखवला आहे. त्यातले बारकावे बाजूला ठेवले, तरी एक भेद मनात पक्का असावा: वाचकाला हवी असते कृती, म्हणजे लेखकाची मूळ रचना, तालिकाकार वर्णन करतो आवृत्तीचे, आणि देवघेवीच्या टेबलावरून हलते ती प्रत. दाखल क्रमांक आणि बारकोड प्रतीचे असतात, आयएसबीएन आवृत्तीचा असतो, आणि मूळ ग्रंथ व त्याचे अनुवाद एकमेकांशी जोडायचे तर ती जोडणी कृतीच्या पातळीवर लागते. हे तीन स्तर एकाच ओळीत कोंबले, तर पुढे आरक्षणापासून वार्षिक गणनेपर्यंत प्रत्येक ठिकाणी तोच गुंता पुन्हा सोडवावा लागतो.

आयएसबीएनचा रकाना आजच उघडून पाहावा. हा क्रमांक २००७ सालापासून तेरा अंकी झाला, त्याआधी तो दहा अंकी होता. दहा अंकी क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य एक्सेल गाळून टाकते आणि तेरा अंकी क्रमांक अनेकदा घातांकाच्या रूपात दाखवते. त्या रूपात फाइल साठवली गेली असेल, तर शेवटचे अंक कायमचे गेले असण्याची शक्यता आहे. तो रकाना संख्या म्हणून न ठेवता मजकूर म्हणून ठेवावा.

बावीस हजार नोंदी एकदम नेऊ नयेत. आधी दोनशे नोंदी निवडाव्यात आणि त्या मुद्दाम अवघड असाव्यात: अनेक खंडांचे ग्रंथ, संपादित संग्रह, अनुवाद, लेखकाचे नाव नसलेली पुस्तके, प्रकाशनवर्ष नसलेली पुस्तके, टोपणनावाने लिहिलेली पुस्तके. एकाच लेखकाचे नाव कुठे पूर्ण, कुठे आद्याक्षरांनी, कुठे टोपणनावाने आले असेल, तर त्यांपैकी एक रूप अधिकृत ठरवून बाकीची रूपे त्याकडे वळवणारी यादी याच टप्प्यावर सुरू करावी. पुरवठादाराला पहिला प्रश्न 'सर्व नोंदी मार्कमध्ये बाहेर काढून दाखवाल का' हा विचारावा. दाखवता येत नसेल, तर त्या प्रणालीच्या इतर सोयी पाहण्यात वेळ घालवू नये.

प्रश्न : आमच्या तालिकेतील नोंदी देवनागरीत आहेत. पुस्तक कपाटात असते, नोंदही असते, तरीही शोध रिकामा येतो. दोष सॉफ्टवेअरचा समजावा की टंकलेखनाचा?

उत्तर : दोष दोघांच्या मध्ये आहे, आणि तो दूर करण्याची जबाबदारी प्रणालीची आहे. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या संगणकीय प्रमाणकात, आहे, पण पडद्यावर एकसारखे दिसणारे अक्षर आतून एकसारखेच असते असे नाही. 'किनाऱ्यावर' या शब्दातला 'ऱ्य' नुक्त्याच्या 'ऱ' पासून बनवता येतो, तसाच साध्या 'र' नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही बनवता येतो. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्याआधीच्या नोंदींत ते 'अ' आणि चंद्र जोडून लिहिलेले असते, आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही या दोन रूपांना एक मानत नाही. त्याहून जुन्या नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील, तर त्यांचे आधी रूपांतर करावे लागते. 'संबंध' आणि 'सम्बन्ध' यांसारखे लेखनभेद आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका यांची भर वेगळीच.

मूळ नोंदीतले लेखन बदलू नये. शीर्षक मुखपृष्ठावर जसे आहे तसेच दिसले पाहिजे. त्याऐवजी शोधासाठी प्रत्येक शब्दाचे एक साधे रूप प्रणालीच्या आतल्या शोधसूचीत वेगळे साठवावे. त्यात अदृश्य चिन्हे काढलेली असावीत, परसवर्णाच्या ('सम्बन्ध'मधील म्, न् यांसारख्या अनुनासिकांच्या) जागी अनुस्वार असावा आणि ऱ्हस्व-दीर्घ एक केलेले असावे. वाचकाने टंकलेल्या शब्दावरही हीच प्रक्रिया करावी. अर्थात याची किंमत मोजावी लागते. ऱ्हस्व-दीर्घ एक केले की 'दिन' शोधणाऱ्याला 'दीन'ही दिसू लागतात. शोधप्रणालींच्या मूल्यमापनात १९६०च्या दशकापासून, सिरिल क्लेव्हर्डन यांच्या क्रॅनफिल्ड येथील प्रयोगांपासून, हीच ओढाताण मोजली जात आली आहे: जे मिळायला हवे होते त्यातले किती मिळाले, आणि जे मिळाले त्यातले किती कामाचे निघाले. ग्रंथालयाच्या तालिकेत पहिल्या मोजमापाला अधिक महत्त्व द्यावे, असे माझे मत आहे; नको असलेली चार पुस्तके नजरेआड करता येतात, न दिसलेले पुस्तक मात्र वाचकापुरते नाहीसेच होते. तंतोतंत जुळणारी शीर्षके वर आणि साध्या रूपाने जुळणारी खाली, असा क्रम लावला की दुसऱ्या बाजूचा त्रासही पुष्कळ कमी होतो.

प्रश्न : नव्या तालिकेची चाचणी किती वाचकांवर घ्यावी? आणि शोधनोंदी साठवणे वाचकांच्या खासगीपणाला धरून आहे का?

उत्तर : चाचणीसाठी पाच जण पुरतात, हे वचन संगणकप्रणालींच्या वापरसुलभतेचे अभ्यासक नीलसन आणि लँडॉवर यांच्या १९९३च्या मांडणीवर आधारलेले आहे. एका व्यक्तीकडून सरासरी ३१ टक्के दोष उघड होतात असे धरले, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष सापडतात. ही सरासरी आहे आणि ती एकाच प्रकारच्या वाचकांना लागू पडते. शाळकरी मुले, संशोधक आणि ज्येष्ठ वाचक यांच्यासाठी तीन वेगळे गट लागतील. पंधरा जणांची एकच फेरी घेण्यापेक्षा पाच जणांची चाचणी घ्यावी, दोष दुरुस्त करावेत आणि पुन्हा नव्या पाच जणांना बोलवावे.

खासगीपणाचा प्रश्न आपण विचारलात याचे मनापासून समाधान वाटले. वाचकाविषयीची खासगी माहिती गुप्त ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य असल्याचे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या आचारसंहितेत १९३९ सालीच नमूद झाले होते. शोधनोंदींना ते तितकेच लागू आहे. वर सुचवलेल्या अभ्यासाला सभासद क्रमांकाची गरजच नाही. एका बैठकीतले शोध एकत्र पाहता यावेत, एवढ्यासाठी रोज बदलणारा तात्पुरता क्रमांक पुरतो, आणि वाचकाने पहिला शब्द फसल्यावर दुसरा कोणता वापरला हे त्यातूनही कळते. पण क्रमांक काढला म्हणजे धोका संपला असे नाही. लोक शोधचौकटीत स्वतःचे नाव लिहितात, आजाराचे नाव लिहितात, न्यायालयात चाललेल्या आपल्या दाव्याचा विषय लिहितात. त्यामुळे मूळ नोंदी एक-दोन व्यक्तींनीच पाहाव्यात, अहवालात वाचकाचे शब्द जसेच्या तसे देण्याआधी ते तपासावेत, आणि वर्गीकरण पूर्ण झाले की मूळ फाइल बॅकअपसह पुसून टाकावी. कोणत्या नोंदी ठेवल्या जातात आणि किती दिवसांसाठी, हे सांगणारी सूचना तालिकेच्या पहिल्याच पानावर, सहज दिसेल अशी लावावी.