टोयोटा: मागावरनं रस्त्यावर

वाचकांचे प्रश्न, गाड्यांबद्दल

मागच्या अंकात जुनी डिझेल गाडी घ्यावी का यावर चार ओळी लिहिल्या, त्यात सहज इनोव्हाचं नाव आलं, आणि तेवढ्यावर टोयोटाचेच इतके प्रश्न आलेत की बाकी सगळे पुढच्या महिन्यावर ढकललेत. ब्रेक लायनरवाल्या मंडळींनी राग मानू नये.

प्रश्न : आमच्या शेजारच्या शेडमध्ये नवे एअरजेट माग (हवेच्या झोतानं आडवा धागा टाकणारे) बसलेत, त्यावर टोयोटा लिहिलंय. जॉबर (माग दुरुस्त करणारा) म्हणतो ही तीच गाडीवाली कंपनी. मी म्हणतो नाव सारखं असंल. शंभर रुपयाची पैज लागलीय, निकाल द्या. (कारखानदार, इचलकरंजी)

जॉबरला शंभर रुपये देऊन टाका. आणि खरं तर गाडीवाली कंपनी मागाच्या मागं नाही, मागवाली कंपनी गाडीच्या मागं हाय. साकिची टोयोदा नावाचा जपानी माणूस, जन्म 1867, सुताराचा पोरगा, गावातल्या बायका हातमागावर दिवसभर राबताना बघून याच्या डोक्यात मागच शिरला. 1891 ला लाकडी हातमागाचं पहिलं पेटंट, 1896 ला यंत्रावर चालणारा माग. आपल्याकडं विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला तो 1904 ला, म्हणजे काळ साधारण एकच बघा, तिकडं माग तयार करणारे आणि इकडं माग चालवणारे जवळपास सोबतच उभे राहत होते.

पण साकिचीचं खरं काम म्हणजे 1924 चा जी टाइप ऑटोमॅटिक माग. तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही, साध्या मागावर उभा धागा तुटला आणि कामगाराचं लक्ष नसलं तर काय होतंय, माग आपला खडाखडा चालूच राहतो आणि वारभर कापड खराब निघाल्यावर कळतंय. याच्या मागाचं काय, तर धागा तुटला की माग स्वतःच थांबायचा, आणि धोट्यातलं (आडवा धागा नेणाऱ्या नळीतलं) सूत संपत आलं की चालत्या मागावरच नवा धोटा आत जायचा. त्यामुळं एक माणूस एकावेळी डझनावारी माग सांभाळायला लागला कारण त्याला मागाकडं बघत बसायचं कामच उरलं नाही, जो थांबलाय त्याच्याकडंच जायचं. 1926 ला टोयोदा ऑटोमॅटिक लूम वर्क्स निघाली आणि 1929 ला इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीनं या मागाचे हक्क घेतले, 1 लाख पौंड ठरले. लँकेशायरवाल्यांनी, म्हणजे इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या मुलखानं, जपानकडनं माग शिकायचा, त्या काळात!

त्या लूम वर्क्सचंच आजचं नाव टोयोटा इंडस्ट्रीज आणि तुमच्या शेजारचे एअरजेट तिचेच. आता जॉबरला आणखी एक सांगा, तो खूश होईल. इनोव्हा क्रिस्टाचं, म्हणजे नव्या इनोव्हाचं, जे डिझेल इंजिन हाय ना, ते बंगळूरजवळ जिगणीला बनतं, आणि ते बनवणारी कंपनी याच मागवाल्या टोयोटा इंडस्ट्रीजच्या घरातली. म्हणजे माग आणि क्रिस्टाचं इंजिन सख्खे भाऊ.

प्रश्न : टोयोटानं पहिलं इंजिन अमेरिकेच्या गाडीवरनं चोरलं असं आमच्या कारखान्यात एकजण छातीठोक सांगतो. खरं का? (फौंड्रीवाला, शिरोली एमआयडीसी)

चोरलं म्हणू नका, उघडून बघितलं म्हणा, आणि हे आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माणसानं तर अजिबात म्हणू नये, इथं निम्मी गल्ली बाहेरची मशीन खोलून बघूनच शिकलीय. साकिचीचा मुलगा किइचिरो, मेकॅनिकल इंजिनिअर. 1933 ला लूम वर्क्समध्येच गाड्यांचं खातं काढलं, शेव्हरोले आणली, नटबोल्ट सुटे केले आणि तिच्यावरनं सहा सिलिंडरचं इंजिन करायला घेतलं. मागाचं ओतकाम हातात बसलेलं होतं म्हणून वाटलं सिलिंडर ब्लॉक पण जमंल. नाही जमला. मागाचा साचा वेगळा आणि आत पाण्याच्या वाटा असलेला ब्लॉक वेगळा, कोअरच (आतली पोकळी राखणारे वाळूचे गाभे) धड बसंनात, आणि ओतलेले ब्लॉक ढिगानं भंगारात गेले. तुम्हाला कोअर फुटल्यावर मालकाचं तोंड कसं होतंय ते माहिताय, तसंच तिथं चाललेलं.

शेवटी 1935 ला ए1 नावाची नमुना गाडी आणि जी1 ट्रक बाहेर पडला. ट्रक रस्त्यात सारखे बंद पडायचे, कंपनीची माणसं पळत जाऊन दुरुस्त करायची आणि कुठलं पार्ट गेलं ते लिहून आणायची. माझ्या मते टोयोटाची खरी सुरुवात इथनं, गाडीपासनं नव्हे तर त्या लिहून आणण्यापासनं. 1937 ला टोयोटा मोटर वेगळी कंपनी झाली. मग महायुद्ध, मग 1950 ला कंपनी बुडायच्या बेतात, कामगारांचा मोठा संप, किइचिरोनं राजीनामा दिला, आणि तेवढ्यात कोरियाचं युद्ध पेटलं आणि अमेरिकन लष्करानं ट्रकची ऑर्डर दिली म्हणून वाचले. नशीब पण लागतंय राव. किइचिरो मात्र 1952 ला गेला, पुढचे चांगले दिवस त्याला बघायला मिळालेच नाहीत.

पुढं ताइइची ओनो म्हणून कारखान्यातला माणूस, त्यानं मागाची ती थांबायची युक्ती गाडीच्या लाइनला लावली. लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला खोट दिसली की वरची दोरी ओढायची, प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. साधा कामगार अख्खी लाइन थांबवू शकतो, ही गोष्ट आपल्याकडच्या किती मालकांच्या पचनी पडंल ते तुम्हीच सांगा.

प्रश्न : मी बारा-पंधरा वर्षं गारगोटी लायनीला वडाप (जीपमधनं सीटवर माणसं नेणं) केलं, त्यात क्वालिस पण होती. तेवढी चांगली चाललेली गाडी कंपनीनं बंद का केली? आजपण आठवण येते. (माजी वडापवाला, भुदरगड)

दादा, हा प्रश्न तुम्ही एकट्यानं नाही विचारलेला. क्वालिस आली जानेवारी 2000 ला, बंगळूरजवळच्या बिडदीच्या कारखान्यातनं, टोयोटा आणि किर्लोस्कर यांच्या भागीदारीत. किर्लोस्कर म्हणजे आपलेच की, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 ला बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर, आणि 1910 ला औंध संस्थानच्या जागेत किर्लोस्करवाडी वसवली, मिरजेहून पुण्याच्या रेल्वेत बसलात की लागतीच. आणि गंमत बघा, या घराण्याची आणि टोयोटाच्या गोतावळ्याची पहिली भागीदारी गाडीची नव्हतीच, 1995 ला सूतगिरणीच्या मशिनरीची होती. गाडीची कंपनी 1997 ला निघाली.

क्वालिस मुळात इंडोनेशियातली किजांग. आली तेव्हा पेपरवाल्यांनी नावं ठेवली, डबा हाय, जुनाट हाय म्हणून. दिसायला होतीच तशी. पण खाली लॅडर फ्रेम, मागं पाटे, पुढं 2.4 लिटरचं बिनटर्बो डिझेल, 75 हॉर्सपॉवर, म्हणजे पळायची काही नाही पण इंजिनावर ताणच नाही. त्याच काळातल्या बाकी जीपगाड्या दर पावसाळ्यात मिस्त्रीच्या दारात, आणि हिच्यात आठ-दहा माणसं कोंबून, वर टपावर पोती टाकून, राधानगरीच्या खड्ड्यातनं नेली तरी संध्याकाळी मालकाच्या हातात हिशोब पूर्ण यायचा. वडापवाल्याला गाडी उभी राहिली की दिवस गेला, हप्ता थांबत नाही. म्हणून तुमचा जीव बसला, त्यात आश्चर्य काय.

बंद का केली, तर खाली ढाचा जुना झालेला आणि कंपनीकडं त्याच घराण्यातली नवी पिढी तयार होती, इनोव्हा. 2005 ला ती आणली आणि चांगली खपत असलेली गाडी सरळ मागं घेतली. धंद्याच्या भाषेत हे लई धाडसाचं काम, कारण इनोव्हा महाग होती आणि तुमच्यासारख्या निम्म्या लोकांना ती परवडणारच नव्हती. नंतर टूरवाले, पुढारी, हॉटेलवाले, लग्नाचं वऱ्हाड सगळे इनोव्हात बसले, पण वडापवाला टोयोटापासनं जो सुटला तो सुटलाच. कंपनीला त्याचं काही नुकसान झालं नाही हे खरं, तरी मला वाटतं तिथं एक जागा रिकामी सोडली.

प्रश्न : 2012 ची इनोव्हा बघितलीय, मीटरवर 1 लाख 40 हजार दिसतंय. मिस्टर म्हणतात टोयोटा डोळे झाकून घ्यायची असते. मला डोळे उघडे ठेवायचेत, काय बघू? (वाचक, राजारामपुरी)

ताई, तुमचंच ऐका. कंपनीची लाइन खोटीला थांबत असंल, पण बाहेर आल्यावर गाडी कुणाच्या हातात होती ते बॅजवर लिहिलेलं नसतंय. पहिलं म्हणजे मीटरवर विश्वास नको, सर्व्हिस हिस्ट्री मागा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबरावरनं कळतंय. आधी टुरिस्ट पासिंग होतं आणि नंतर प्रायव्हेट केलंय का ते आरसीबुकात तपासा. टुरिस्टची गाडी असली म्हणून वाईट नाही, पण मग भाव तसा पाहिजे.

दुसरं टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारा पट्टा. 2.5 लिटरच्या त्या इंजिनाला बेल्ट असतो, चेन नव्हे (क्रिस्टाला चेन आली), आणि एवढ्या रनिंगला तो बदललेला असायलाच पाहिजे. बदलल्याचं बिल नसंल तर बदललेला नाही असंच धरा, तुटला तर इंजिन उघडावं लागतंय. सकाळी इंजिन गार असताना स्टार्ट करून बघा, विकणाऱ्यानं तुम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवली असंल तर बॉनेटला हात लावल्यावर कळतंय. पांढरा-काळा धूर, इंजेक्टरचा टकटक आवाज, खड्ड्यात खालचे बुश वाजणं, मागचा एसी, एवढं आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला सोबत नेऊन बघा. आणि हो, 2012 ची म्हणजे 15 वर्षं भरत आलीत, रजिस्ट्रेशन रिन्यू करायचा खर्च आणि पर्यावरण कर भावातनं आधी वजा करा.

खरं सांगायचं तर जुन्या इनोव्हाचे भाव आपल्याकडं जरा डोक्यावर बसलेत. नावाचे पैसे द्या पण नावाचेच पैसे देऊ नका.

प्रश्न : तुम्ही टोयोटाचे एजंट आहात काय? कधी एक वाईट शब्द नाही. (कागल)

घ्या की मग. 1957 ला अमेरिकेत क्राउन न्यायला निघाले, तिथल्या हायवेवर ती गाडी धापा टाकायला लागली, गप परत आणावी लागली. आपल्याकडं इटिऑस आणली 2010 ला, इंजिन चांगलं पण आतलं प्लास्टिक बघून घरातली माणसं नाक मुरडायची, टॅक्सीवाल्यांनी उचलून धरली आणि घरगुती गिऱ्हाईक हललं. 2009-10 ला मॅट आणि ॲक्सिलरेटर पेडलच्या भानगडीत जगभरात लाखो गाड्या परत बोलवल्या, कंपनीचा तेव्हाचा अध्यक्ष अकिओ टोयोदाला अमेरिकन संसदेपुढं जाऊन माफी मागावी लागली. त्या आधीची काही वर्षं कंपनी जरा जास्तच वेगानं वाढत सुटलेली, हे अकिओनं तिथं स्वतःच कबूल केलं.

आणि सगळ्यात बोचणारी म्हणजे जानेवारी 2024 ची. तीच मागवाली टोयोटा इंडस्ट्रीज, जिचं मी वर एवढं कौतुक केलं, तिनं काही डिझेल इंजिनांच्या हॉर्सपॉवर चाचणीत गाडीत येतं त्यापेक्षा वेगळं सॉफ्टवेअर वापरलं, आकडे सरळ दिसावेत म्हणून. आपल्याकडं क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सची पाठवणी काही दिवस थांबली होती. गाडी बंद ठेवायची गरज नाही असं कंपनीनं सांगितलं आणि ते पटण्यासारखं पण आहे, पण धागा तुटल्यावर थांबणाऱ्या मागाच्या घराण्यात हे व्हायला नको होतं.

प्रश्न : ग्लान्झा घेतली तर पोरं बलेनो म्हणून चिडवतात. (कॉलेज विद्यार्थी, गडहिंग्लज)

बलेनोच हाय ती भावा, 2019 पासनं सुझुकी बनवते आणि बॅज टोयोटाचा लागतो. चिडवणाऱ्यांना सांग, सुझुकी पण 1909 ला जपानच्या हामामात्सूत माग बनवायलाच निघालेली, आणि साकिचीचं गाव तिथनं लांब नाही. गाडी एकच, तेव्हा गडहिंग्लजहून सर्व्हिसला कुठलं शोरूम जवळ पडतंय आणि वॉरंटी कुणाची जास्त मिळते एवढंच बघ.