एका दिवसात सुंदरबन, सोबत आई आणि मुलं : आधी भरतीची वेळ विचारा

ताई, तुम्ही लिहिलंय की जानेवारीत लग्नासाठी कोलकात्याला जाताय, मध्ये एकच दिवस मोकळा आहे, सोबत 72 वर्षांची आई आणि दोन मुलं, आणि एजंट म्हणतोय 'सुंदरबन एका दिवसात आरामात होतं'. तो 'आरामात' वाचून पोटात गोळाच आला. आम्हालाही अगदी हेच सांगितलं होतं. ह्यांच्या बदलीमुळे आम्ही चार वर्षं कोलकात्यात होतो. सासू-सासरे रेवदंड्याहून आले होते, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सातचा.

गरम कपडे, खाऊ, औषधं हे सगळं तुम्ही बघालच. मी फक्त ज्यात आम्ही फसलो तेवढंच सांगते.

आमची सहल ज्यांच्याकडून ठरवली होती (नाव घेत नाही) ते म्हणाले, थंडीचे दिवस आहेत, म्हाताऱ्या माणसांना पहाटे कशाला उठवता, सातला निघू. आम्हाला ते काळजीचं बोलणं वाटलं. कोलकात्यापासून गदखाली साधारण शंभर किलोमीटर, पण तीन तास धरायचेच. वाटेत बाजार लागतात, आम्हाला तर जास्तच लागले. गदखालीला रस्ता संपतो, पुढे सगळं पाण्यातून. लाँचवाला अर्ध्या तासाने आला. सजनेखालीला पोचेपर्यंत एक वाजून गेला होता. जंगलात शिरायचं परमिट आम्हाला तिथे घ्यायचं होतं. 'परमिट झालंय' असं फोनवर तीनदा सांगितलेलं, प्रत्यक्षात अर्जसुद्धा केलेला नव्हता. त्यात सासऱ्यांचं ओळखपत्र घरी राहिलं होतं, मोबाइलमधला फोटो चालेना. तासभर तिथेच गेला.

पण खरा घोटाळा परमिटचा नव्हता. आम्ही पोचलो ती वेळ ओहोटीची होती.

सुंदरबनात उधाणाला पाणी चार-पाच मीटरने खालीवर होतं. भरतीला लाँच धक्क्याच्या जवळजवळ बरोबरीला येते, माणूस हात धरून सहज पाय टाकतो. ओहोटीला तीच लाँच पुरुषभर खाली. पाण्याखाली असलेल्या पायऱ्या उघड्या पडलेल्या, त्यांवर करडा, साबणासारखा गाळ. लाँचमधून पायरीपर्यंत एक अरुंद फळी, पाय घसरू नये म्हणून तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. कठडा म्हणजे दोन पोरांनी दोन टोकांना धरलेला बांबू. सासूबाईंचा गुडघा बदललेला. त्या फळीवर दोन पावलं गेल्या, खाली बघितलं आणि थांबल्या. 'मला नाही गं जमायचं.' त्यांना मागे आणायलाही तिघं लागली.

त्यांना वाघ बघायचा नव्हताच. बनबीबीची, म्हणजे तिकडच्या जंगलाच्या देवीची, गोष्ट मी त्यांना आदल्या रात्री सांगितली होती. मध काढायला, मासे धरायला जंगलात शिरणारे हिंदू-मुसलमान दोघंही तिला हात जोडूनच आत जातात. सजनेखालीला तिचं ठाणं आहे म्हटल्यावर त्यांनी खण, नारळ, तांदूळ पिशवीत बांधून आणले होते. ती पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली आणि स्वतः खालच्या डेकवर, इंजिनाच्या वासात बसून राहिल्या. ओटी मी ठेवली. पुन्हा येऊ म्हटलं, मग बदली मुंबईला झाली आणि ते राहूनच गेलं. मला आजही सगळ्यात जास्त हेच लागतं.

पुढेही तेच. पाणी इतकं उतरलं होतं की लहान खाड्यांत लाँच घालायला माझी (तिकडे नावाड्याला माझी म्हणतात) तयार होईना, आणि त्याचं बरोबरच होतं, गाळात रुतली तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. शिवाय आपण मुंबई-पुण्याची माणसं सूर्यास्त सहाला धरतो. कोलकात्यात डिसेंबर-जानेवारीत पाचच्या सुमारास सूर्य जातो, आणि अंधारात पर्यटकांची लाँच जंगलात राहू देत नाहीत. सुधन्यखालीचा टेहळणी मनोरा लांबून बघितला आणि वळलो.

दुसऱ्या दिवशी त्या सहलवाल्यांना फोन केला तर उत्तर आलं, 'मॅडम, टाइड हमारे हाथ में थोड़ी है.' भरती हातात नसते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. निघायची वेळ तर त्यांच्या हातात होती! रोज लाँच सोडणाऱ्या माणसाला त्या दिवशीची भरती माहीत नसावी, किंवा असून सांगू नये, याचा मला अजून संताप येतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की एजंटला पहिला प्रश्न 'किती पैसे' हा विचारू नका. विचारा, 'त्या तारखेला सजनेखालीला पूर्ण भरती किती वाजता?' उत्तर देता आलं नाही तर दुसरा एजंट बघा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे या आठवड्यात सोयीची असलेली सातची वेळ पुढच्या आठवड्यात पार उलटी पडते. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, सासऱ्यांना तोंडपाठ आहे. पण तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा, तिकडे तसाच लावू नका. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाण्याचा चढउतार कमी असतो. आईंसाठी ते बरं. तुम्हाला लग्नामुळे दिवस निवडता येणार नाही, पण निघायची वेळ तरी पाण्याप्रमाणे ठरवा, मग पहाटे चारला निघावं लागलं तरी चालेल.

ओहोटी वाईट असं मात्र नाही. मगरी, घोरपडी गाळावर ऊन खात पडतात त्या तेव्हाच. चढउतार भरतीला करावा आणि पाणी उतरायला लागलं की डेकवर बसून किनारे बघावेत. आमच्या सहलीत पोरं खूश झाली ती ओहोटीमुळेच. धक्क्याच्या खाली गाळावर बोटभर मासे टुणटुण उड्या मारत होते, डोळे डोक्यावर, पंखांच्या जोरावर सरपटत चाललेले. सासरे ओरडले, 'अरे, या तर आपल्या निवट्या!' मग रेवदंड्याच्या खाडीत लहानपणी त्या कशा पकडायचे हे त्यांनी मुलांना इतकं रंगवून सांगितलं की वाघाचं नाव कोणी काढलं नाही. तुम्हीही मुलांना वाघाचं वचन देऊ नका. व्याघ्र प्रकल्प अडीच हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठा, वाघ शंभराच्या आसपास, आणि जंगलाच्या मोठ्या भागात लाँच जातच नाहीत.

माझं स्पष्ट मत विचाराल तर आईंना घेऊन एका दिवसात जंगल करूच नका. एक रात्र काढता आली तर सजनेखालीसमोरच्या पाखिरालय गावात राहा. तेही जमत नसेल तर गदखालीहून नदीपलीकडे गोसाबापर्यंतच जा. काही मिनिटांचा प्रवास, जंगलात शिरावं लागत नाही. डॅनिअल हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश माणसाने तिथे सहकारी तत्त्वावर वसाहत उभी केली, त्यांचा लाकडी बंगला आहे, आणि 1932च्या डिसेंबरात रवींद्रनाथ येऊन राहिले तोही बंगला आहे. नदी, बांध, खारफुटी सगळं दिसतं आणि आईंची दमणूक होत नाही. फळी तिथेही लागू शकते, भरतीची वेळ तिथेही विचाराच.

आम्ही गेलो त्याला काही वर्षं झाली. परमिटचे नियम, दर, आठवड्याच्या सुट्ट्या निघायच्या आधी ताज्या विचारून घ्या. ओळखपत्रं सगळ्यांची, मूळच. कोणाकडे परदेशी पासपोर्ट असेल तर ते आधीच सांगा, त्यांचं वेगळं असतं. लाँचवरचं शौचालय बहुतेक खाली असतं आणि जिना उभा, आईंना एकटं पाठवू नका. जेवण शाकाहारी हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा, नाहीतर कोळंबी ठरलेली.

लग्नाची तारीख कळवलीत तर त्या दिवसाची तिथी मी सासऱ्यांना विचारून सांगते, निदान उधाण आहे की भांग ते कळेल. आणि आईंना मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल घेऊन द्या, स्लीपर अजिबात नको.