टीम म्हणते ‘दोन्ही महत्त्वाचं’, मग निर्णय कसा घ्यायचा?

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

चीनमधल्या चेंगदू शहरातल्या एका कारखान्यात डिझाइन विभाग सांभाळणाऱ्या मराठी इंजिनियरने ऑनलाइन समुपदेशन घेतलं. त्याची तक्रार अशी : मीटिंगमध्ये सगळे गप्प बसतात. माल लवकर पाठवायचा की चाचण्या पूर्ण करायच्या, असं विचारलं की ‘दोन्ही महत्त्वाचं’ एवढंच उत्तर. या लोकांना नवीन काही सुचतच नाही का? चिनी सहकाऱ्यांबरोबर काम करणारे अनेक जण हीच काळजी बोलून दाखवतात.

गप्प बसण्याचं कारण बहुधा साधं असतं. साहेबाने मत मांडून झाल्यावर चारचौघांत त्याला खोडून काढणं म्हणजे त्याची पत घालवणं. म्हणून आधी बैठकीचा क्रम बदलला. प्रश्न आदल्या दिवशी पाठवायचा, पहिली दहा मिनिटं प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठीवर लिहायचं आणि साहेबाने सर्वांत शेवटी बोलायचं. चिठ्ठी कोणाची, याची चौकशी अजिबात करायची नाही.

‘दोन्ही महत्त्वाचं’ या उत्तराला टाळाटाळ समजणं मात्र अन्यायाचं आहे. चेंगदूजवळचं दूज्यांगयेन हे प्राचीन पाटबंधाऱ्याचं काम नीट पाहून या, असं त्याला सुचवलं. इसवी सन पूर्व 256 च्या सुमारास ली बिंग या अधिकाऱ्याने तिथे मिन नदी धरण बांधून अडवली नाही. माशाच्या तोंडासारखा बांध घालून प्रवाह दुभागला. आतला पाट अरुंद आणि खोल, बाहेरचा रुंद आणि उथळ. नदीला पाणी कमी असताना सुमारे 60 टक्के पाणी आत, शेतीकडे वळतं. पुरात आत साधारण 40 टक्केच जातं. चिनी परंपरेतला मध्यममार्ग हा असा आहे. निम्मं-निम्मं वाटून मोकळं होणं त्यात बसत नाही. वेळ पाहून वाटा बदलतो.

मग प्रश्नच बदलला : कोणत्या मालाला किती तपासणी? पुढच्या बैठकीत चिठ्ठ्या भरून आल्या. न बदललेल्या भागांची थोडक्यात तपासणी, नव्या भागांची पूर्ण, आणि ऑर्डरी कमी असतील त्या महिन्यांत राहिलेल्या चाचण्या.

या विचारपद्धतीत एक खड्डाही आहे. काइपिंग पेंग आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या 1999 च्या अभ्यासात, परस्परविरोधी विधानं शेजारी ठेवली तेव्हा चिनी विद्यार्थ्यांनी दोन्हींना थोडं थोडं खरं मानलं; त्यात कमकुवत विधानालाही जास्तीचं वजन मिळालं. अमेरिकी विद्यार्थी उलट एका बाजूला अधिक झुकले. यावर उपाय असा : दोन्ही बाजू एकत्र मांडण्याआधी प्रत्येक मुद्द्याला, हातातला पुरावा पाहून, स्वतंत्रपणे 10 पैकी गुण द्यायचे आणि 4 पेक्षा कमी गुणांचा मुद्दा तिथेच सोडायचा. या टीमने तसं केलं, तेव्हा ‘ग्राहक थांबणारच नाही’ हा सर्वांत जोरात मांडला जाणारा मुद्दा 3 वर अडकला. ग्राहकाला कोणी विचारलंच नव्हतं.