सनबेडवर दोनदा झोपले, नंतर कळलं दिवस गेलेत

प्रश्न : डॉक्टर मॅडम, लग्नानंतर मी सोलापूरहून इंग्लंडमध्ये लीड्सला आले. इथे रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व २२ निघालं. दिलेल्या गोळ्यांनी मळमळायचं, म्हणून बंद केल्या. शेजारीण म्हणाली, टॅनिंगच्या, म्हणजे कातडी रापवून देणाऱ्या दुकानात सनबेडवर, अतिनील दिव्यांच्या पेटीत झोप, उन्हासारखंच असतं. दोनदा गेले, दर वेळी आठ मिनिटं. पुढच्याच आठवड्यात कळलं, दिवस गेलेत. आता नववा आठवडा आहे, फॉलिक ॲसिड कळल्या दिवसापासून घेते. बाळाला काही झालं असेल का? सासूबाई म्हणतात, बाळ काळं होईल. रात्रभर डोळा लागत नाही.
– एक वाचक, लीड्स

उत्तर : आज रात्री निवांत झोपा. सनबेडचे अतिनील किरण कातडीतच शोषले जातात, गर्भाशयापर्यंत पोचत नाहीत. सासूबाईंनाही सांगा, बाळाचा रंग आईवडिलांकडून जसा यायचा तसाच येतो. आईच्या कातडीवर चढलेला रंग तिच्याच अंगावर राहतो आणि काही आठवड्यांत उतरतो.

मग आम्ही गरोदर बाईला सनबेड नको का म्हणतो? एक कारण फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या गोळीतून मिळतं ते जीवनसत्त्व. हे किरण कातडीतून वाहणाऱ्या रक्तातलं फोलेट काही प्रमाणात मोडतात, अशी शंका आहे. बाळाचा मेंदू आणि मणका जिच्यातून घडतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत मिटते, आणि त्यासाठी फोलेट लागतं. पण दोन वेळच्या आठ-आठ मिनिटांनी ते धोक्याइतकं उतरलं असेल असं मला वाटत नाही. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत एकही दिवस चुकवू नका. मधुमेह असेल किंवा वजन बरंच जास्त असेल तर मात्रा मोठी लागते, तेव्हा विचारून घ्या. शिवाय या दिवसांत कातडी लवकर भाजते, गालांवर वांग उठतात आणि त्या बंद पेटीत अंग तापतं, तेही पहिल्या तीन महिन्यांत बरं नाही.

शेजारणीने मायेनेच सांगितलं असेल, पण सनबेड म्हणजे ऊन नव्हे. अतिनील किरणांच्या दोन प्रकारांपैकी त्यातून बहुतांश यूव्हीए निघतात आणि ड जीवनसत्त्व तयार होतं ते यूव्हीबीने. म्हणजे रंग चढतो, पण ज्यासाठी गेलात ते पदरात फारसं पडत नाही. शिवाय २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ही यंत्रं तंबाखूच्याच गटात टाकली, माणसाला कर्करोग करणारी म्हणून. ब्राझीलने त्याच वर्षी त्यांवर बंदी घातली. बाळंतपणानंतरही तिकडे फिरकू नका.

तुमची मूळ अडचण मात्र खरी आहे. मी स्वतः उत्तर इंग्लंडमध्ये चार वर्षं नोकरी केली. नोव्हेंबरात अंधारात कामावर जायचं, चारला बाहेर यावं तर पुन्हा अंधार. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या उन्हात ड जीवनसत्त्व बनवण्याइतका जोरच नसतो, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर ऊन जास्तच लागतं. गरोदरपणात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, हे तिथलं नेहमीचं प्रमाण. तुमचा २२ हा आकडा तिथल्या मोजणीत (नॅनोमोल प्रति लिटर) कमतरतेच्या २५ या रेषेच्याही खाली आहे, म्हणून तुमची मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. घरात उरलेल्या जुन्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका. मळमळत असेल तर थेंब मागा, आणि ते जेवणाबरोबर, पोळीवर थोडं तूप घेऊन घ्या. उपाशीपोटी घेऊ नका. कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल मात्र टाळा, त्यातलं अ जीवनसत्त्व या दिवसांत जास्त झालं तर बाळाला अपाय होतो.

बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीला जाल तेव्हा मिडवाइफला, म्हणजे तिथल्या प्रशिक्षित सुईणीला, सनबेडचंही सांगा आणि गोळ्या बंद केल्याचंही. दुसरी गोष्ट तिला कळणं जास्त गरजेचं आहे.