आधी व्हायलचं लेबल वाचू द्या

प्रश्न : मी नाशिकमध्ये बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या) दुसऱ्या वर्षाला औषधशास्त्र शिकवते. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचा कमाल डोस मुलं घडाघडा सांगतात, पण ‘मग किती मिली द्याल?’ म्हटलं की वर्ग गप्प. सुरुवात कुठून करू?

उत्तर : व्हायलपासून, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीपासून. ३० मिलीची रिकामी व्हायल वर्गात फिरवा. लेबलवर असतं : लिग्नोकेन २ टक्के, अ‍ॅड्रिनलिन (रक्तवाहिन्या आकसवून भूल टिकवणारं) १:८०,०००. पहिली चूक इथेच होते. २ टक्के म्हणजे मिलीला २ मिलिग्रॅम, असं मुलं बिनधास्त लिहितात. १०० मिलीत २ ग्रॅम, म्हणजे मिलीला २० मिलिग्रॅम. ८०,००० मिलीत १ ग्रॅम अ‍ॅड्रिनलिन, म्हणजे मिलीला १२.५ मायक्रोग्रॅम. हे भागाकार वहीतच करू द्या, मोबाइल खिशात.

मग पेशंट द्या : दिंडोरीच्या आजी, वजन ४० किलो. कमाल डोस किलोला ७ मिलिग्रॅम धरला तर २८० मिलिग्रॅम, म्हणजे १४ मिली. हे उत्तर आलं की सांगा, आजींना हृदयविकार आहे. अशा पेशंटला एका वेळी अ‍ॅड्रिनलिन ४० मायक्रोग्रॅमच्या वर नको, ही रूढ मर्यादा. ती ३.२ मिलीतच गाठली जाते. २ मिलीची दुसरी सिरिंज पूर्ण रिकामी केली की ५० मायक्रोग्रॅम झाले!

आजी प्रोप्रानोलॉलवर (बीटा रिसेप्टर अडवणाऱ्या औषधावर) असतील तर? आता पहिल्या वर्षाचं शरीरक्रियाशास्त्र बाहेर काढा. बीटा-२ रिसेप्टर अडवले गेल्याने स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावत नाहीत, त्या आकसवणारे अल्फा मात्र मोकळे. रक्तदाब चढतो आणि बॅरोरिसेप्टर (रक्तदाब जोखणारे संवेदक) नाडी उलट मंद करतात. ‘अ‍ॅड्रिनलिन दिलं की नाडी वाढते’ एवढंच पाठ केलेला विद्यार्थी इथे अडकतो, आणि अडकू द्यावा.

प्रश्न : गळू झालेल्या दाढेला भूल नीट चढत नाही. पीएच-पीकेएचं समीकरण टाळून हे समजावता येईल का?

उत्तर : टाळू नका, त्यातच गंमत आहे. लिग्नोकेनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू विद्युतभारित असतात तो, ७.९ धरा. ऊतींचा पीएच ७.४ असताना सुमारे २४ टक्के रेणू विद्युतभाराविना असतात, गळूमुळे तो ६.४ झाला की जेमतेम ३ टक्के. मज्जातंतूच्या आवरणातून जातात ते हेच भाराविना रेणू. शिवाय सुजेच्या जागी रक्तपुरवठा वाढलेला, औषध लवकर वाहून जातं. म्हणून सुजेपासून दूर, नर्व्ह ब्लॉक, म्हणजे मज्जातंतूपाशीच भूल. त्याच सुजेत आणखी २ मिली टोचू म्हणणाऱ्याला आजींचं गणित पुन्हा करायला लावा.