शिफ्टर जड की केबल जड?

प्रश्न (पुणे): माझ्या ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, धावणं अशी शर्यत) सायकलचे शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचे लीव्हर, एरोबारच्या (पुढे झुकून धरायच्या लांब दांड्यांच्या) टोकाला आहेत आणि केबल फ्रेमच्या आतून जाते. मागची चेन मोठ्या चक्रावर चढवताना बोट दुखतं, लहान चक्रावर उतरताना ती रेंगाळते. नवा शिफ्टर घ्यावा का?

उत्तर: इतक्यात घेऊ नका. उतरताना चेन रेंगाळते, हीच मुख्य खूण आहे. चढवताना केबल तुम्ही ओढता, पण उतरताना ती ओढायचं काम डिरेलरची (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाची) स्प्रिंग करते. केबल घासू लागली की स्प्रिंगचा जोर पुरत नाही.

खात्री करायला चेन सर्वांत मोठ्या चक्रावर घ्या, पॅडल थांबवा आणि न फिरवता शिफ्टर सर्वांत लहान चक्राच्या जागी आणा. केबल ढिली पडेल. डिरेलरजवळचा आउटर (तारेवरचं बाहेरचं आवरण) फ्रेमच्या खोबणीतून काढा, उघडी तार हाताने हलकी ताणून धरा आणि शिफ्टर चालवून पाहा. आता तो हलका चालला तर दोष केबलचा. तरीही जड असेल तर शिफ्टरचा. तार पुढेमागे सरकवताना करकर जाणवली तर आउटर आतून खराब झाला आहे.

अशा सायकलींत हे लवकर होतं, कारण घर्षण वळणांच्या बेरजेने वाढतं, तेही झपाट्याने. एरोबारच्या टोकातून आत, हँडलबारखालून बाहेर, मग फ्रेममध्ये, तळाशी बीबीखालून (पॅडलच्या आसाखालून) आणि शेवटी डिरेलरकडचा वळसा. त्यात वरून घाम आणि एरोबारमधल्या बाटलीतलं खारट पेय ठिबकतं. पाण्यापेक्षा हे मीठ तारेला जास्त खातं. म्हणून तार आणि आउटर दोन्ही बदला. एकट्या तारेचा उपयोग फार दिवस टिकत नाही.

तार काढण्याआधी तिचं मागचं चेपलेलं टोक कापा आणि एक बारीक प्लास्टिकची नळी मागून तारेवर सरकवत फ्रेमच्या पुढच्या भोकातून बाहेर आणा. मगच तार पुढून ओढा. नळी आत राहते, नवी तार तिच्यातून थेट मागे पोचते आणि शेवटी नळी काढून घेता येते. ही पायरी गाळली तर फ्रेममध्ये तार शोधण्यातच वेळ जातो.

आउटर गिअरचाच घ्या, ४ मिमीचा. ब्रेकचा आउटर ताणाखाली दबतो, त्यामुळे गिअर नेमके पडत नाहीत. उलट गिअरचा आउटर ब्रेकला लावणं तर धोक्याचंच, तो जोराच्या ब्रेकला फुटू शकतो. केबल कटरनेच कापा, टोक कानशीने सपाट करा आणि आतलं चेपलेलं अस्तर सुईने गोल उघडा. हे अस्तर उघडायचं राहिलं की नवी केबलही पहिल्या दिवसापासून जड लागते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून लांबी ठरवा. आउटर ताणला जाता कामा नये. डिरेलरचा बोल्ट साधारण ६ न्यूटन-मीटरला आवळा, तार हाताने दोनतीनदा जोरात ओढून बसवा, मग बॅरलने (केबलचा ताण जुळवायच्या फिरत्या नळीने) अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने जुळवा. घट्ट ग्रीस भरू नका, त्यात धूळ चिकटते.

प्रश्न (ठाणे): सायकल खोक्यात घालून गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉन शर्यतीसाठी नेली. जोडल्यावर दोन्ही शिफ्टर जड झाले. आधी ठीक होते.

उत्तर: हँडल काढून खोक्यात आडवं ठेवताना आउटर मुडपतो, बहुतेक एरोबारखालीच. मुडपलेला तुकडा सरळ केला तरी आतलं अस्तर दुमडलेलंच राहतं, तो बदला. दुसरं कारण म्हणजे जोडताना हँडल एक पूर्ण फेरा जास्त फिरतं आणि फ्रेममध्ये दोन तारा एकमेकींना पीळ घालतात. एक शिफ्टर चालवल्यावर दुसरी तार हलली तर पीळ आहे असं समजा. शर्यतीतल्या ९० किमी सायकलिंगमध्ये हे कळण्यापेक्षा खोकं उघडल्या दिवशीच सगळे गिअर फिरवून पाहा.

प्रश्न (नाशिक): डावा शिफ्टर एकदम जड झाला आणि दोन दिवसांनी ढिला पडला.

उत्तर: अचानक बदल म्हणजे तार शिफ्टरच्या आत, डोक्याजवळ उसवते आहे. चालवू नका, पूर्ण तुटली तर तुकडा आतच अडकतो. सगळे सुटे धागे चिमट्याने काढून नवी तार घाला. जुन्या पद्धतीच्या अनेक शिफ्टरांत डावा बिनटप्प्याचा (टकटक न होता सलग सरकणारा) असतो आणि त्याचा जडपणा बाजूच्या स्क्रूवर ठरतो; तो पाव फेरा सैल करून पाहा, लीव्हर आपोआप सरकू लागला तर परत आवळा. शिफ्टर एरोबारमधून काढावा लागला तर आतला बोल्ट तपासा: अनेक शिफ्टरांत त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या दिशेने सैल होतो. चुकीच्या दिशेने जोर लावला तर कार्बनच्या नळीला तडा जातो.